भिंतीवरचे तीन तुकडे

आर्विड निस्कानेन हा सरळ माणूस. चाळीस वर्षं त्याने जंगलातून लाकडाचा ट्रक हाकला, पण कधी कुणाच्या हद्दीतलं एक झाड चुकून उचललं नाही. अशा माणसाने आयुष्यात एकच मोठी लबाडी केली, आणि केली ती सलग तीन वर्षं, तीही आपल्या जिवलग मित्राशी.

मित्राचं नाव ताइस्तो ओयाला. वय पंचाहत्तर, आर्विडपेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि ही दोन वर्षं तो आर्विडला कधी विसरू द्यायचा नाही. पेल्टो गावापासून अकरा मैलांवर, देवदाराच्या दलदलीला लागून दोघांचा शिकारीचा कॅम्प होता. लाकडाची एक खोली, एक शेगडी, झोपायला चार बंक आणि मागे वाफेच्या अंघोळीचं सौना. एके काळी चौघे होते. दोघे गेले, दोघे उरले. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार खुली व्हायची. त्या दिवशी पेल्टोत शाळा बंद, गिरणी बंद, आणि चर्चमध्ये पास्टर आणि बायका. बाकी सगळं गाव जंगलात.

प्रत्येक कॅम्पला असतो तसा यांच्याही कॅम्पला एक नियम होता. ज्याचा हरणावरचा नेम चुकला, त्याने संध्याकाळी शेगडीसमोर मुकाट्याने पाठ करून उभं राहायचं. मग दुसऱ्याने कात्री घेऊन त्याच्या शर्टाचं मागचं, पँटीत खोचायचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. शर्ट नवा असो की बायकोने वाढदिवसाला दिलेला असो, सुटका नाही. एकोणपन्नास वर्षांत त्या भिंतीवर अडतीस तुकडे लागले होते, लाल चौकड्यांचे, हिरव्या चौकड्यांचे, एक तर रेशमी. त्यांत ताइस्तोच्या शर्टाचा एकही नव्हता. हे तो कुणालाही सांगायचा. पेट्रोल भरायला थांबलेल्या परक्या माणसालाही सांगायचा.

आणि मग त्याचे डोळे गेले. सगळे नव्हे. कडेचं दिसायचं, मधोमध धुरकट डाग. डॉक्टरने सांगितलं, याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. ताइस्तोने ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला सांगितली नाही. पण दाराची कडी चाचपडणारा, तोंडासमोरच्या माणसाकडे जरा तिरका बघणारा मित्र आर्विडच्या नजरेतून कसा सुटेल?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघे टेकाडावर शेजारी शेजारी बसले होते. खाली एक नर आला, तरणा, शिंगांना दोन-दोन फाटे. ताइस्तोने बंदूक उचलली. आर्विडला त्याची नळी दिसत होती, आणि ती हरणाच्या चांगली हातभर वर होती. त्याला काय वाटलं कोण जाणे. बहुधा त्याला ती भिंत आठवली. ताइस्तोचा बार उडाला, स्प्रूसच्या झाडाच्या फांदीवरचं बर्फ सांडलं, आणि त्याच आवाजात आवाज मिसळून आर्विडनेही घोडा दाबला. हरीण जागच्या जागी बसलं.

"पडला का?" ताइस्तोने विचारलं.

"पडला."

"तूही झाडलीस?"

"झाडली. माझी गोळी कुठे गेली, देवालाच ठाऊक. तुझी लागली."

संध्याकाळी अर्थातच आर्विडच्या शर्टाचं टोक गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. तिसऱ्या वर्षी तर समोर आलेलं हरणाचं पोर दीड वर्षाचं होतं, कपाळावर नुसती दोन सरळ टोकं. ताइस्तोचा बार जमिनीत गेला होता. ते पोर उडी मारून निघूनही चाललं होतं. तेही आर्विडने पाडलं. तीन वर्षांत तीन शर्ट आखूड झाले, आणि गॉर्डी लाब्रेकच्या दारूगुत्त्यात ताइस्तो सगळ्यांसमोर म्हणायला लागला, "आमच्या आर्विडचं वय झालं हो. नेम पार गेला बिचाऱ्याचा. पाठीमागे शेव्हिंगचा आरसा लावून द्या त्याला, शर्टाची कापलेली शेपूट तरी दिसेल!" आर्विड बिअरच्या ग्लासात बघून हसायचा. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून त्या शर्टांना दोरा घालणारंही कुणी नव्हतं. तो तसेच खोचायचा आणि थंडीत कंबर गारठवून घ्यायचा.

हे असंच चाललं असतं. पण लागोपाठ दोन हिवाळे असे आले की बर्फ छातीएवढं, आणि एप्रिल उजाडला तरी हलेना. बर्फात हरणं देवदारांच्या दाटीत आसऱ्याला येतात, खालचा पाला खाऊन तग धरतात. पाला संपला की उभ्या जागी मरतात. एप्रिलच्या शेवटी आर्विड दलदलीत चालत गेला. बरोबर वनखात्याची क्रिस्टीन बेलांजे होती, तीसेक वर्षांची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. ती मोजत होती, तो दाखवत होता. एका दिवसात सत्तेचाळीस सांगाडे, त्यातले बहुतेक पाडसांचे. एका देवदाराखाली तीन पाडसं एकमेकांना चिकटून बसलेली होती, तशीच.

"गाभण माद्या किती उरल्या असतील?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा. पूर्वी संध्याकाळी तुमच्या रस्त्यावर किती दिसायच्या?"

"पंचवीस-तीस."

"आणि काल?"

"दोन," आर्विड म्हणाला. सत्तेचाळिसात त्याने मनातल्या मनात आणखी तीन मिळवले. ताइस्तोच्या चुकलेल्या गोळ्यांनी ती तीन पोरं वाचवली होती. मारली ती याने, एका भिंतीच्या इज्जतीसाठी.

गावची हरणांची समिती पाच जणांची, आणि आर्विड तिचा अध्यक्ष. समितीपुढे क्रिस्टीनने दोन नियम ठेवले. एक, तीन वर्षं मादी मारायची नाही. दोन, नर मारायचा तर त्याच्या शिंगाला एका बाजूला निदान तीन फाटे हवेत. कोवळ्या नरांना वाढू द्यायचं. समितीत दोघे बाजूने, दोघे विरोधात. वरच्या खात्याने कळवलं होतं की गाव म्हणेल तसं करू. म्हणजे सगळं आर्विडच्या हातावर येऊन ठेपलं.

मत द्यायच्या गावसभेच्या आदल्या शनिवारी ताइस्तो नेहमीसारखा आर्विडकडे सौनाला आला. दर शनिवारी दोघे बसायचे, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. लेम्पीने, म्हणजे ताइस्तोच्या बायकोने, वेलदोडा घातलेला वेणीचा पाव दिला होता. अंगाला वाफ लागेपर्यंत ताइस्तो हवामानाबद्दल बोलला. मग तापल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला, "आर्विड, तू नाही म्हणणार आहेस ना?"

"कशाला?"

"वेड पांघरू नकोस. त्या पोरीच्या नियमांना."

"अजून ठरवलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? लेका, ऐंशी पावलांवरून शिंगांचे फाटे मोजत बसायचे? हरीण काय फोटोला उभं राहतं होय?"

"थांबायचं. दिसले तर मारायचं."

"आणि नाही दिसले तर?"

वाफेत दोघांचे चेहरे एकमेकांना दिसत नव्हते. आर्विडला वाटलं, आत्ता बोलावं. ताइस्तो, तुला दिसत नाही रे, एवढे चार शब्द. पण एकोणपन्नास वर्षांचा ताठा असा सौनाच्या फळीवर उघडानागडा बसलेला असताना त्याला घाव कसा घालायचा? तो म्हणाला, "नाही दिसले तर जाऊ द्यायचं."

"माद्याही नाहीत, नरही नाहीत. मग मी काय तिथे बटाटे सोलायला यायचं?" ताइस्तो उठला. "पंचाहत्तरी झाली माझी. अजून किती मोसम आहेत? चार? पाच? ते तू त्या पोरीच्या वहीसाठी घालवणार?"

"तू दलदलीत चल एकदा. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

हे शब्द तोंडातून गेले आणि आर्विडने जीभ चावली. ताइस्तो काही क्षण तसाच उभा राहिला, जणू अजून काही ऐकायचं बाकी आहे. मग टॉवेल शोधायला भिंत चाचपडू लागला. टॉवेल समोरच्या खुंटीवर होता. आर्विडने तो त्याच्या हाताला लावला.

सभा गुरुवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले. क्रिस्टीनने आपले आकडे सांगितले. गॉर्डी उठला आणि म्हणाला, "शिकारी आले नाहीत तर माझा गुत्ता ओस पडेल, आणि मग तुम्ही सगळे बिअर प्यायला कुठे जाणार? चर्चमध्ये?" लोक हसले. एका म्हाताऱ्याने आपल्या आजोबांच्या काळातल्या हरणांच्या गोष्टी सांगितल्या आणि मूळ मुद्दा विसरून खाली बसला. मग ताइस्तो उभा राहिला. लाल-काळा चौकड्यांचा शर्ट, गळ्याला बो टाय. लग्नाकार्याला घालायचा तो बो.

"मी साधं बोलतो," तो म्हणाला. "नियम कागदावर चांगला आहे. पण जंगलात काय होईल ते ऐका. एखादा म्हातारा गोळी घालेल, जवळ जाऊन बघेल, तर फाटे दोनच. मग काय करेल तो? दंडाच्या भीतीने ते हरीण तिथेच टाकून घरी येईल. कावळे खातील. तुमच्या नियमाने हरीण वाचलं का? नाही. वर माणसाचं तोंड काळं झालं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "ज्याला फाटे दिसत नाहीत त्याने बंदूक खाली ठेवावी की!"

ताइस्तो गर्रकन वळला, पण चुकीच्या बाजूला. "कोणाला दिसत नाही? नाव घेऊन सांगा. या हॉलमध्ये आहे कोणी?" आणि मग तो समितीच्या टेबलाकडे तोंड करून थांबला.

क्रिस्टीन आर्विडकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या. "अध्यक्ष, तुम्ही इतकी वर्षं वयस्कर लोकांबरोबर शिकार करता. अशा चुका खरंच होतात का? तुमचा काही अनुभव?"

एक वाक्य पुरलं असतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचे तीन बार मी वाया जाताना पाहिले, एवढं म्हटलं असतं तर दोन्ही विरोधक तिथेच गप्प झाले असते, आणि नियम पाचही मतांनी मंजूर झाला असता. हॉलमधली दोनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ताइस्तोही बघत होता, जरा तिरका.

"मला माहीत नाही," आर्विड म्हणाला. "माझ्या बरोबरच्या माणसाचा नेम कधी चुकला नाही. चुकला तो माझा. भिंतीवर तुकडे आहेत, जाऊन बघा." काही लोक हसले. मग त्याने कागद सरळ केला. "पण ते सत्तेचाळीस सांगाडे मी पाहिले आहेत. माझं मत नियमांच्या बाजूने."

तीन विरुद्ध दोन. ताइस्तो टाळ्यांची किंवा शिव्यांची वाट न पाहता निघाला. कोट खुर्चीवरच राहिला. आर्विड तो घेऊन मागे धावला, तर लेम्पीने गाडी सुरू केली होती. तिने खिडकीतून कोट घेतला, म्हणाली, "राहू दे आता, आर्विड," आणि काच वर केली.

पुढचे सहा महिने वाईट गेले. शनिवारी आर्विड सौना तापवायचा, दोघांपुरतं लाकूड घालायचा आणि एकटाच बसायचा. पोस्टात भेट झाली तर ताइस्तो मान हलवायचा, पण ती कोणासाठी हलवली ते कळायचं नाही. गुत्त्यातही कुणी आर्विडच्या नेमाची चेष्टा करेना. आधी ती चेष्टा त्याला टोचायची, आता तिच्यावाचून करमेना. ऑगस्टमध्ये त्याच्या रस्त्यावर एक मादी दोन पाडसं घेऊन आली. त्याने घरात जाऊन फोन उचलला, ताइस्तोचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. आपण बरोबर केलं याची त्याला खात्री होती. पण बरोबर करून माणूस इतका एकटा पडतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौदा नोव्हेंबरला दुपारी तो एकटाच कॅम्पवर निघाला. जाऊ नये असंच वाटत होतं, पण पंधरा तारखेला घरी बसलेला पेल्टोचा माणूस म्हणजे आजारी तरी, नाहीतर मेलेला. वळणावर त्याला धूर दिसला. सौनाच्या धुरांड्यातून, सरळ वर जाणारा.

दारात लेम्पीची गाडी नव्हती, ती ताइस्तोला पोचवून गेली असावी. आत टेबलावर कापडात गुंडाळलेल्या पेस्टी होत्या, मांस-बटाटा भरलेल्या, अजून गरम. ताइस्तो शेगडीजवळ बसून खरोखरच बटाटे सोलत होता.

"उशीर केलास," तो वर न बघता म्हणाला. "बूट बाहेर झटक. लादी मी पुसली आहे."

आर्विडने बूट झटकले, आत आला आणि भिंतीकडे पाहून जागीच थांबला. त्याचे शेवटचे तीन तुकडे तिथे नव्हते. त्याच तीन खिळ्यांवर दुसरे तीन होते, लाल-काळ्या चौकड्यांचे, ताजे कापलेले. प्रत्येकावर लेम्पीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ताइस्तो ओयाला, आणि खाली साल. तीन तुकडे, तीन सालं.

"ताइस्तो..."

"बस आधी. पडशील."

आर्विड बंकवर टेकला. ताइस्तोने खिशातून बटणांचा एक छोटा डबा काढला आणि त्याच्यापुढे धरला. आत एक गोळी होती. तोंड चेपलेलं, बूड शाबूत.

"पहिल्या वर्षी लेम्पीला मिळाली. सॉसेजसाठी मांस कापताना सुरीला लागली. माझी गोळी जाडी, तुझी बारीक. आंधळा झालो तरी बोटांना कळतं की रे!"

"म्हणजे तीन वर्षं तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि वर गुत्त्यात माझीच चेष्टा करत होतास? माझा नेम गेला म्हणून?"

"म्हटलं, कधीतरी चिडशील आणि खरं ओकशील. पण तू कसला चिडतोस! बैल आहेस, बैल. सौनात मत मागायला आलो तेव्हाही तेच. मत तुला हवं तिथे दे. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"तूच का नाही बोललास?"

ताइस्तोने बटाटा खाली ठेवला. "बोललो असतो, तर पुढच्या वर्षी तू मला आणलं नसतंस."

आर्विड तीन वर्षं गप्प होता तेही नेमकं याचसाठी, खरं कळलं तर ताइस्तो यायचा थांबेल म्हणून. दोन म्हातारे, एकाच भीतीने, एकाच टेकाडावर, एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसले होते.

"मग सहा महिने का नाही बोललास?" त्याने शेवटी विचारलं.

"लाज वाटली. हॉलमध्ये मी दोनशे माणसांसमोर तुला आव्हान दिलं, नाव घे म्हणून. तू घेतलं असतंस ना, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. आणि घेतलं नाहीस, तर मला माझं तोंड दाखवता येईना. असा मी मूर्ख." त्याने डोळे पुसले, तेही चुकीच्या हाताने, बटाट्याच्या सालीसकट. "आणि ते पोर, गेल्या वर्षीचं. सोलताना डोक्यावरून हात फिरवला. नुसती बोटाएवढी दोन टोकं रे. ते माझ्यामुळे गेलं."

"माझ्यामुळे," आर्विड म्हणाला.

"बरं, दोघांमुळे. भांडू नकोस." ताइस्तोने शर्टाच्या खिशातून तीन चुरगळलेले तुकडे काढून त्याच्या मांडीवर टाकले. "हे तुझे. लेम्पी म्हणाली, शर्ट घेऊन ये, जोडून देते. किती वर्षं कंबर उघडी टाकून हिंडणार आहेस?"

आर्विडने ते तुकडे हातात घेतले. आपलं नाव, ताइस्तोच्याच वाकड्या अक्षरात. मग तो खिडकीकडे तोंड करून बसला, आणि त्याचे डोळे ताइस्तोला दिसले नाहीत हे बरं झालं. कोपऱ्यात एकच बंदूक उभी होती, आर्विडने आत आणलेली.

"तुझी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"घरी. तेल लावून ठेवली. उद्या मी ऐकेन, तू फाटे मोज."

सकाळी उजाडताना दोघे टेकाडावर बसले. ताइस्तोच्या नारिंगी कोटावर बर्फाचे कण पडत होते. तासाभराने त्याने आर्विडच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. आर्विडला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. मग देवदारांतून एक नर बाहेर आला, थांबला, वास घेतला. आर्विडने दुर्बीण लावली.

"किती?" ताइस्तो कुजबुजला.

"डावीकडे दोन. उजवीकडे... दोन."

"नीट बघ."

"बघितलं. दोनच."

नर दोघांपासून चाळीस पावलांवरून गेला, काही घाई न करता. ताइस्तोने त्याच्या पावलांच्या आवाजाबरोबर मान फिरवत नेली, पार टेकाडाच्या उतारापर्यंत.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"खरं सांगतोयस ना?"

"खरं," आर्विड म्हणाला, आणि थर्मासचं झाकण उघडून पहिला कप त्याच्या हाताला लावला.